मृगजळ आणि मागणं



ऊन तापायला लागलंय. दुपारी बारानंतर डांबरी रस्त्यावर लांब बघितलं, की पाणी साचल्यासारखं चमकतं. जवळ जावं तर रस्ता कोरडा, आणि पाणी आणखी पुढे सरकलेलं. त्याला आपण मृगजळ म्हणतो. आज मी या एका शब्दाची गोष्ट सांगणार आहे. शब्द जुना आहे, पण तो माझ्या डोक्यात घोळू लागला तो गटाच्या बैठकीमुळे.

झालं असं, की गेल्या महिन्यात एका गटाची बैठक आटोपत आली होती. बचत जमा झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या. आम्ही उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात एक ताई हळूच म्हणाली, "मॅडम, सातबाऱ्यावर माझं नाव लागंल का हो?" तिचे मालक जाऊन तीन वर्षं झाली. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. मी काही बोलायच्या आत कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या, "नको गं बाई नादी लागू. ते मृगजळ हाय." सगळ्या हसल्या. ती ताईही हसली आणि पदर सावरून उठली. विषय तिथंच संपला.

मी गाडीवरून घरी येताना विचार करत होते. जी गोष्ट मिळणारच नाही तिची आस धरणं, याला आपण मृगजळामागे धावणं म्हणतो. मग सातबाऱ्यावरचं नाव त्यात बसतं का? बी.ए.ला मराठी होतं, त्याचा उपयोग आता तरी करावा म्हणून जुनी पुस्तकं काढली.

आधी शब्द फोडून बघू. मृग म्हणजे हरीण आणि जळ म्हणजे पाणी. हरणाला दिसणारं पाणी. संस्कृतात याला मृगतृष्णा म्हणत, म्हणजे हरणाची तहान. आपल्या 'तहान' या शब्दाचं मूळही तृष्णाच आहे. तृष्णा या शब्दाचं पाली भाषेत तण्हा झालं, आणि मराठीत आपण तहान म्हणू लागलो. गौतम बुद्धांनी दुःखाचं कारण सांगितलं तेव्हा हाच शब्द वापरला. दुःखाचं मूळ तण्हा. पाण्याची तहान आणि मनाची हाव, दोन्हींसाठी एकच शब्द. 'धम्मपद' या ग्रंथात माणसाच्या देहाला फेसाची आणि मृगजळाची उपमा दिली आहे. दिसतो तेवढा टिकणारा नाही, या अर्थानं.

दुसरा एक शब्द आहे, मरीचिका. मरीची म्हणजे किरण. 'अमरकोश' या जुन्या संस्कृत शब्दकोशात मृगतृष्णा आणि मरीचिका हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे म्हणून शेजारी शेजारी दिले आहेत. एका शब्दात हरणाची तहान आहे आणि दुसऱ्यात उन्हाचा किरण. शेजारच्या कानडी भाषेत तर याला 'बिसिलुगुदुरे' म्हणतात, म्हणजे उन्हातला घोडा. आपल्याला उन्हात पाणी दिसलं, त्यांना पळणारा घोडा दिसला. अरबीत सराब म्हणतात. कुराणातही सपाट मैदानावरच्या सराबचा दृष्टांत आहे, तहानलेला माणूस त्याला पाणी समजतो. जिथं जिथं ऊन आणि माळरान आहे, तिथं तिथं माणसाला हा अनुभव आला आणि त्यानं त्याला नाव दिलं.

कालिदासाचं 'शाकुंतल' नाटक तुम्ही ऐकून असाल. दुष्यंत राजा शकुंतलेला ओळखत नाही आणि तिला परत पाठवतो. पुढे आठवण झाल्यावर तो तिचं चित्र काढून त्याच्याकडे बघत बसतो. तेव्हा तो मित्राला सांगतो, की वाटेत भरून वाहणारी नदी लागली होती, ती ओलांडून आलो आणि आता मृगजळाची आस धरून बसलो आहे. मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. इथं पाणी खरं होतं. ते राजानं स्वतः घालवलं. सोसलं मात्र शकुंतलेनं.

आपल्या मराठीत हा शब्द रुजवला तो संतांनी. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला 'ज्ञानेश्वरी' सांगितली. तिच्यात मृगजळाचा दृष्टांत पुन्हा पुन्हा येतो. नेवासं प्रवरेच्या काठी असलं, तरी तो सगळा भाग कमी पावसाचा. ऐकणाऱ्यांना मृगजळ समजावून सांगायची गरज पडली नसेल. रोजच्या वाटेवर दिसणारी गोष्ट दाखवून महाराज म्हणत होते, की जगाचं सुख असं आहे, खरं समजून धावू नका. पुढे कीर्तनातून, प्रवचनातून हा शब्द घराघरात गेला. म्हणून तर आमच्या मावशी शाळेत फार न जाताही तो इतक्या सहज वापरतात.

आता यातलं विज्ञान थोडक्यात सांगते. उन्हानं जमीन तापते, तिला लागून असलेली हवाही तापते आणि विरळ होते. वरची हवा त्यामानानं थंड आणि दाट असते. आभाळाकडून तिरका खाली येणारा उजेड या तापलेल्या हवेत वाकतो आणि जमिनीला न लागता आपल्या डोळ्यांकडे वळतो. आपल्याला तो जमिनीतून आल्यासारखा वाटतो. म्हणजे रस्त्यावर जे चमकतं ते खरं तर आभाळ असतं. १७९८ मध्ये नेपोलियनचं सैन्य इजिप्तच्या वाळवंटातून जात असताना तहानलेल्या सैनिकांना असंच पाणी दिसलं. त्यांच्याबरोबर असलेल्या गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञानं त्याच वर्षी याचं कारण मांडलं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. मृगजळ हा डोळ्यांचा दोष नाही आणि डोक्याचाही नाही. त्याचा मोबाइलवर फोटोसुद्धा निघतो. उजेड खराच येतो. फक्त तो कुठून आला हे ओळखायला आपण चुकतो. मृगजळ दिसणारी बाई वेडी नसते. उन्हात उभ्या असलेल्या कुणालाही ते दिसतं.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आमच्या भागात पाच वर्षांपूर्वी एक माणूस आला होता. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं, हातात रंगीत पावतीपुस्तक. वीस महिन्यांत पैसे दुप्पट, असं त्याचं म्हणणं. पहिले चार महिने त्यानं व्याज घरपोच दिलं, वर एकेक स्टीलचा डबा दिला. मग काय, आमच्या एका गटातल्या अकरा जणींनी पैसे गुंतवले. कुणी शेळी विकली होती, कुणी लेकीच्या लग्नाचे बाजूला ठेवले होते. मीही पाच हजार दिले. मी दिले म्हणून दोघी-तिघींनी दिले, हे मला आजही बोचतं. सहाव्या महिन्यात त्याचा फोन लागेना. तालुक्याच्या गावी जे ऑफिस म्हणून त्यानं सांगितलं होतं, तिथं भाड्याची रिकामी खोली होती.

नंतर गावात बोलणी बसली ती आम्हालाच. "बाया मृगजळामागं धावल्या." त्या माणसाला कुणी काही बोललं नाही, कारण तो समोर नव्हता. ठेवीदारांचे पैसे बुडवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, पोलिसात तक्रार देता येते, हे आम्हाला उशिरा कळलं. त्याहून मोठं नुकसान असं झालं, की त्यानंतर आमच्या बायकांना प्रत्येक गोष्ट मृगजळ वाटायला लागली. शिलाई मशीनचं कर्ज? मृगजळ. दहावीचा फॉर्म भरणं? मृगजळ. सातबाऱ्यावर नाव? तेही मृगजळ.

इथं मला दुसऱ्या देशातली एक कथा आठवते. ग्रीक लोकांच्या पुराणात टँटलस नावाचा राजा आहे. त्याचं राज्य सिपिलस डोंगराजवळ होतं असं सांगतात, तो भाग आज तुर्कस्तानात येतो. त्यानं देवांचा मोठा अपराध केला, म्हणून मेल्यावर त्याला शिक्षा मिळाली. हनुवटीपर्यंत पाण्यात उभं राहायचं. प्यायला वाकला, की पाणी आटून जायचं. डोक्यावर फळांनी लगडलेल्या फांद्या, हात वर केला, की वारा त्या उडवून न्यायचा. होमर कवीच्या 'ओडिसी' या महाकाव्यात हे वर्णन आहे. या राजाच्या नावावरून इंग्रजीत 'टँटलाइज' हे क्रियापद तयार झालं. म्हणजे हवी ती वस्तू समोर दाखवत राहायची आणि हाती लागू द्यायची नाही.

आता फरक बघा. हरणाच्या गोष्टीत पाणी नाहीच. टँटलसच्या गोष्टीत पाणी आहे, पण ते मागे घेणारं कुणीतरी आहे. दोघेही तहानलेलेच राहतात. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, पण एक ठिकाण सोडून द्यायचं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी विचारायचं असतं, की हे पाणी कोण अडवतंय?

आपल्या इतिहासात हा प्रश्न महाडला विचारला गेला. चवदार तळं पाण्यानं भरलेलं होतं. ते कुणालाही दिसत होतं. पण अस्पृश्य मानलेल्या समाजाला तिथं पाणी भरता येत नव्हतं. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर पाणी खुलं झालं, पण प्रत्यक्षात ओंजळ भरायला कुणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला तो १९३७ मध्ये. दहा वर्षं लागली. त्याच १९२७ च्या डिसेंबरात महाडला दुसरी परिषद झाली, तेव्हा बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशीही वेगळं बोलले होते.

त्या दहा वर्षांत "तुमच्यासाठी ते मृगजळ आहे" असं कितीजण म्हणाले असतील! पण ते तळं होतं. आजही आहे.

आता पुन्हा शब्दाकडे येते, कारण मला जे सापडलं त्याची खरी गंमत इथं आहे. मृग या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ फक्त हरीण असा नव्हता. वेदांच्या काळात मृग म्हणजे कोणताही रानातला प्राणी. म्हणून तर सिंहाला मृगराज म्हणतात, माकडाला शाखामृग आणि शिकारीला मृगया. संस्कृत व्याकरणात 'मृग्' या धातूचा अर्थ दिला आहे शोधणं. ज्याचा शोध घेतात, माग काढतात, तो मृग. याच कुळातला दुसरा शब्द मार्ग. जनावर ज्या वाटेनं गेलं ती वाट, तिचा शोध. त्या मार्गाचं प्राकृतात मग्ग झालं आणि मराठीत माग. माग काढणं, मागावर असणं, मागोवा घेणं हे सगळे शब्द तिथलेच.

आणि त्याच घरातून आपला आणखी एक शब्द आला आहे. मागणं. संस्कृतात मार्गण म्हणजे शोधणं. शोधता शोधता विचारणं आणि विचारता विचारता मागणं. म्हणजे मृगजळ आणि मागणी हे एकाच कुळातले शब्द निघाले. एकाच्या मागे धावून हाती काही येत नाही. दुसऱ्यानं वाट निघते.

बायकांच्या आयुष्यात मागणी हा शब्द पहिल्यांदा कधी येतो? लग्नाच्या वेळी. "तिला मागणी आली." मागणारं दुसरंच कुणी असतं, आपण मागितली जाणारी असतो. त्यामुळे स्वतः मागायची जीभ वळत नाही. पण मागितल्यानं मिळाल्याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. मुंबईत गोरेगावला मृणाल गोरे यांनी बायकांना घेऊन पाण्यासाठी इतके मोर्चे काढले, की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. ज्या गावात शंभर घरांनी बायकोच्या नावावर जमीन केली, ते लक्ष्मीमुक्ती गाव. १९९० च्या आसपास अनेक गावांत पुरुषांनी आपणहून जमिनीचा तुकडा घरच्या बाईच्या नावे केला. नवऱ्यामागे विधवेला वारस म्हणून हक्क आहे, हे तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच लिहिलेलं आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्ये केली, साऱ्या देशात ती २००५ मध्ये झाली.

मग मृगजळ आणि खरं पाणी ओळखायचं कसं? मी तीन खुणा काढल्या आहेत. शास्त्र म्हणून घेऊ नका, पाच हजार घालवून शिकलेल्या आहेत.

पहिली खूण, माग आहे का? खऱ्या गोष्टीला माग असतो. कुठला अर्ज, कुठलं कार्यालय, कुठलं रजिस्टर, कोणाची सही, हे सांगता येतं. वारस नोंदीचा माग बघा. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. ती माहिती गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत चढते. मग फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात आणि सातबाऱ्यावर नाव येतं. प्रत्येक पायरीवर कागद आहे. त्या पैसेवाल्याकडे काय होतं? त्याचं तोंड आणि आमचा विश्वास.

दुसरी खूण, जवळ गेल्यावर काय होतं? मृगजळ आपण चाललो तेवढं मागे सरकतं. खरी गोष्ट जवळ गेल्यावर मोठी दिसते, तिच्या अडचणीही दिसायला लागतात. ज्या गोष्टीत एकही अडचण दिसत नाही, तिथं थांबा.

तिसरी खूण, ते मृगजळ आहे असं सांगतंय कोण? सांगणाऱ्याला आपली काळजी आहे, की आपण मागू नये यात त्याची सोय आहे? आमच्या मावशींना काळजी होती. त्यांनी पोळलेलं पाहिलं होतं. पण सगळेच मावशी नसतात.

त्या ताईचं पुढे काय झालं, ते सांगते. पुढच्या बैठकीत मी हे सगळं बोलले. नंतर तिनं अर्ज दिला. तालुक्याला तिच्यासोबत कोण गेलं असेल? मावशीच. म्हणाल्या, "मला डोळे दाखवायचे होते, म्हणून गेले." वहीत नोंद झाली, फेरफार धरला आणि दिरानं हरकत घेतली. आता तारीख लागली आहे. नाव लागलं असं मी आज सांगू शकत नाही. किती दिवस जातील, तेही माहीत नाही. पण परवा ती ताई मला म्हणाली, "मॅडम, निदान हरकत तर घेतली. काहीच नसतं तर कशाला घेतली असती?" तिला मृगजळाची व्याख्या माझ्यापेक्षा चांगली कळली.

शेवटची एक गोष्ट. आभाळातही एक मृग आहे. फार जुनी कथा आहे, ती ऐतरेय ब्राह्मण या ग्रंथात येते. प्रजापतीची मर्यादा सोडलेली वासना हरणाच्या रूपानं धावली, तिला बाण लागला आणि ते हरीण आभाळात जाऊन बसलं. तेच मृग नक्षत्र. मागे व्याध आहे आणि ओळीतल्या तीन चांदण्या म्हणजे त्याचा बाण. थंडीच्या दिवसांत रात्री लेकरांना दाखवा. सात-आठ जूनला सूर्य या नक्षत्रात येतो आणि आपण म्हणतो, मृग लागला. वैशाखात ज्याच्या नावाचं पाणी आपल्याला फसवतं, ज्येष्ठात त्याच्याच नावाच्या पावसाची आपण वाट बघतो आणि तिफण तयार ठेवतो. पाऊस दर वर्षी वेळेवर येतोच असं नाही, तरी बी-बियाणं आपण आधीच बघून ठेवतो. कारण हे पाणी येणारं आहे, हे आपल्याला माहीत असतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं आपल्याला हवी असलेली एक गोष्ट सांगायची, जी आजवर मृगजळ म्हणून सोडून दिली. रजिस्टरच्या मागच्या पानावर ती लिहा. समोर लिहा, माग कुठं आहे, पहिला कागद कुठला. माग सापडला तर चौघींनी मिळून मागायला जा. नाही सापडला तर मोकळ्या मनानं सोडून द्या, आणि त्या बाईला हसू नका.

येते मी. नमस्कार.